गुंडाळी कोणाकडे जावी आणि तिला केवढा उंदीर द्यावा

मी, खाली सही करणारा, धंदा कारखान्यांच्या चिमण्या रंगवणे, शिक्षण सातवी नापास, हे पूर्ण शुद्धीत लिहितो. प्यायलेलो नाही. उंच चिमणीवर पहिल्यांदा चढणाऱ्याने आपलं कोणाला काय ते आधी लिहून टाकायचं, असा आमच्या मुकादमाचा नियम आहे. "लिहिलं की माणूस दोर नीट बांधतो," म्हणतो.

१. घरातला माझा हिस्सा दादाला. तो त्याने आधीच वापरायला घेतलाय, त्यामुळे त्याला वेगळं काही करावं लागणार नाही.

२. बँकेत असेल ते ताईला. भाऊजींना कळवू नये.

३. ब्रश आणि हेल्मेट पुढच्या रंगाऱ्याला. दोर कोणाला देऊ नये. मी पडलेला असेन तर तो दोर कशाला?

४. आता मुख्य. गुंडाळी ही माझी बॉल पायथन, म्हणजे छोट्या जातीचा अजगर. ती दादाला देऊ नये. लहानपणी मला त्याचेच कपडे मिळायचे, दोन मापं मोठे, आणि वर "वाढशील त्यात" म्हणायचा. तिलाही तेच म्हणेल. घास मोठा झाला तर साप त्यात वाढत नाही. ओकून टाकतो, कधी मरतोही.

५. गुंडाळी आचाऱ्याला द्यावी. तो माझ्याच खोलीत राहतो. मागे मी बाहेरगावी कामावर असताना "किती वाळलीय बिचारी" म्हणून त्याने तिला घुशीएवढा उंदीर घातला. तिने तो परत केला. आपलं वाढलेलं कोणी परत केल्याचं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. त्याची ही चूक करून झालीय, दादाची व्हायचीय.

६. माप असं: तिचं अंग जिथे सर्वात जाड, तेवढाच जाड उंदीर. जास्त नाही. डोकं बघून ठरवू नये, ते लहानच असतं. उंदराची शेपूट मापात धरू नये. फ्रीजमधला उंदीर पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून पूर्ण मऊ करावा. खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलू नये. ओकली तर दोन आठवडे काही नाही, मग आधीपेक्षा लहान. कधी ती आपणहून महिनाभर खात नाही. तेव्हा आग्रह करू नये. आचाऱ्याने हे दोनदा वाचावं.

७. इथवर वाचून दाखवल्यावर आचारी म्हणाला, "आण, साक्षीदार म्हणून मी सही करतो."

मुकादम म्हणाला, "ज्याला मिळतंय त्यानेच सही केली, तर त्याला मिळत नाही."

"म्हणून तर करतोय. मला नको."

"का रे? जीव लावतोस की तिला!"

"ती माझ्या नावावर झाली की हे गाढव वर बिनधास्त होईल. उतरू दे खाली आणि स्वतः भरवू दे."

मुकादमाने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. कलम पाच कायम आहे. फक्त आचाऱ्याच्या हट्टावरून पुढचं वाढवतो: चिमणी शुक्रवारी संपते, गुंडाळीचं खाणं शनिवारी आहे. शनिवारचा उंदीर मी स्वतः देईन.

सही: रंगारी
साक्षीदार: मुकादम
साक्षीदार: वेल्डर (सापाच्या पेटीकडे पाठ करून सही केली)
ठिकाण: कामगारांची खोली, तळमजला
तारीख: चढायच्या आदला दिवस, रविवार