रजेचा अर्ज इंग्रजीतच

१ जानेवारी १९७०, गुरुवार

आजपासून डायरी इंग्रजीत. पहिलं वाक्य झकास उतरलं, दुसऱ्याला निब अडली. ही निब मराठी वळणाची आहे. नवी आणेपर्यंत मराठीतच लिहितो.

पहाटे पाचला उठून इंग्रजी कादंबरी वाचायची, घरात इंग्रजीच बोलायचं आणि जूनच्या आत शाळेचा सुपरवायझर व्हायचं, असं ठरवलं. जेवतानाच सुरुवात केली. विमलाकडे सॉल्ट मागितलं. तिनं शाल आणून अंगावर टाकली. म्हणाली, थंडी वाजतीय तर तसं सांगा की. आमटी अळणीच खाल्ली. बायकोची प्रगती सावकाश होईल.

२ जानेवारी, शुक्रवार

सुपरवायझरची जागा दिवाळीपासून रिकामी. माझ्याशिवाय नाव चालतंय ते ड्रॉइंगच्या आकाराम मास्तरांचं, म्हणजे कुणाचंच नाही. २३ तारखेला इन्स्पेक्टर तपासणीला येणार. त्यांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी हवं होतं. आंघोळ करताना सुचलं. माझ्या अकरावीनं रजेचा अर्ज इंग्रजीतच द्यायचा. चुकला की लाल वर्तुळ आणि अर्ज परत. चूक काय आहे ते मी सांगणार नाही, मुलानं शोधायचं. मंजुरीशिवाय जो जाईल त्याला मार्चच्या परीक्षेला बसू देणार नाही. बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटनाही कळवून टाकलं की माझ्या सहीशिवाय पोरगं फाटकाबाहेर सोडायचं नाही.

हेडमास्तर हंबीरराव म्हणाले, करा की, फक्त माझ्या टेबलावर काही आणू नका. म्हणजे पूर्ण पाठिंबा.

५ जानेवारी, सोमवार

प्रयोग सुरू. पुस्तकात अर्ज एकच आहे, तापाचा. त्यामुळे वर्गात तापाची साथ. एकाच्या बहिणीचं हातकणंगल्याला लग्न होतं. त्यानं तापाच्या जागी लग्न घातलं. आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम सिस्टर्स मॅरेज. वर्तुळ. चूक शोधून आणेपर्यंत तिकडे अक्षता पडल्या म्हणे. पण हे वाक्य आता तो जन्मात चुकणार नाही.

पाचला उठणं जमलं नाही. घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं आहे.

६ जानेवारी, मंगळवार

कृष्णात नावाचा मुलगा आहे. आजऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला, इथं बोर्डिंगात राहतो. शेवटच्या बाकावर बसतो, उंच, मठ्ठ नाही पण लाजरा. घरी आई आणि धाकटी बहीण, एवढीच माणसं. त्याचा अर्ज आला. माय मदर इज सिरीयस.

वर्गाला समजावलं. सिरीयस म्हणजे गंभीर, जो हसत नाही तो. मग कोल्हापुरातल्या सगळ्याच मदर सिरीयस, विशेषतः निकालाच्या दिवशी. वर्ग खो खो हसला. कृष्णातही थोडा हसला. विनोद कळायला लागला म्हणजे भाषा यायला लागली.

तास संपल्यावर त्यानं खिशातून तार काढून दाखवली. तारेत तसंच लिहिलंय, सर, म्हणाला. खरंच तसं होतं. मदर सिरीयस स्टार्ट अ‍ॅट वन्स. इंग्रजी भाषेचं वाटोळं पोस्टानं केलं आहे. तारेवरही लाल वर्तुळ मारून परत दिली.

७ जानेवारी, बुधवार

कृष्णातचा दुसरा अर्ज. माय मदर इज व्हेरी सिरीयस. चुकीला 'व्हेरी' लावून ती बरोबर होत नाही. वर्तुळ.

मराठीत सांगायला लागला, सर, आई लई आजारी हाय, घरात धाकट्या भनीबिगर कोण न्हाय. मी म्हणालो, इन इंग्लिश. तासभर तसाच उभा राहिला. विचार करत असावा. मी आडकाठी केली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

तिसरा अर्ज. आता सीरियसली इल आलं. म्हणजे माझी पद्धत बरोबर. पण खाली लिहिलंय, लीव्ह फॉर थ्री डेज. हे फॉर की ऑफ? मला नक्की माहीत आहे, फक्त त्या क्षणी आठवेना. घरी येऊन डिक्शनरी शोधली. विमलानं ती डबा डुगडुगू नये म्हणून दळणाच्या डब्याखाली ठेवली आहे आणि डब्यात दळण होतं. संशय असताना मंजूर करणं म्हणजे भाषेवर अन्याय. वर्तुळ मारलं.

९ जानेवारी, शुक्रवार

शिपाई केरबा मध्ये पडला. पोराला जाऊ द्या की सर, आजऱ्याची एष्टी दुपारची हाय, म्हणाला. मी त्याला नियम म्हणजे काय ते सांगितलं. व्हय, म्हणाला आणि गेला. मधल्या सुट्टीत सगळ्यांना चहा आला, मला आला नाही. दुधाची टंचाई असेल.

विमलाला कुठून तरी कळलंय. विचारलं, तुमची आई गेली तवा तुम्ही कुठल्या भाषेत रजा मागितलीसा? मी सांगितलं की मलाही तार इंग्रजीतच आली होती. मदर सिरीयस. तारेत शब्दाला पैसे पडतात म्हणून व्याकरण माफ असतं, हे तिला पटलेलं दिसलं नाही.

दळण गिरणीत गेलं, डिक्शनरी निघाली. फॉरच बरोबर आहे. मला माहीत होतंच.

१० जानेवारी, शनिवार

विजय. कृष्णातचा चौथा अर्ज. माय मदर इज सीरियसली इल. काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज. एक चूक नाही. अक्षरही वळणदार. चार दिवसांत एका खेडवळ पोराला मी इथपर्यंत आणला.

अर्ज तसाच हंबीररावांना दाखवला. त्यांचं लक्ष जेवणाच्या डब्यात होतं, बरं बरं म्हणाले. इन्स्पेक्टरांसाठी बोर्डावर टाचण्यांनी लावला, बाजूनं रंगीत कागद. या गडबडीत सही राहिली. शनिवारची अर्धी शाळा, मी निघालो. कृष्णात बोर्डासमोर उभा होता. आपलाच अर्ज वाचत होता. अभिमान वाटला असणार.

११ जानेवारी, रविवार

दुपारी झोपलो होतो. कृष्णात सहीसाठी घरी आला होता म्हणे. उठवू नको असं मीच सांगून ठेवलं होतं. तर विमलानं काय करावं? पायांत चपला घातल्या, पोराला घेऊन बोर्डिंगवर गेली आणि तिथल्या सुपरिंटेंडेंटला फाटकातच फैलावर घेतलं. सोडतोस का नाही पोराला, मी बघतो काय व्हतंय ते, असं म्हणाली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी उठलो तेव्हा कृष्णात एष्टीत होता. माझ्या शिस्तीला घरातूनच सुरुंग. म्हणजे तो विनापरवानगी गैरहजर. हजेरीपटावर तशी नोंद करावी लागेल, वाईट वाटतं पण नियम तो नियम.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. विमलानं गल्लीत सगळ्यांना तिळगूळ दिला. मी हात पुढे केला तर डबा रिकामा. ती कामात होती.

२३ जानेवारी, शुक्रवार

इन्स्पेक्टर आले. कृष्णातही आजच सकाळी परतला, डोकं भादरलेलं. उवांसाठी असेल म्हणून मी विचारलं नाही.

साहेबांना बोर्डाकडे नेलं. त्यांनी अर्ज वाचला, खूश झाले, मुलाला बोलवा म्हणाले. कृष्णात आला. साहेबांनी प्रेमानं इंग्रजीत विचारलं, आता आई कशी आहे? आणि कृष्णातनं इंग्रजीत उत्तर दिलं. शी डाइड, सर. कधी? ऑन सॅटर्डे द टेन्थ, सर. साहेबांनी पुन्हा अर्जाकडे पाहिलं. तारीख त्याच शनिवारची. मग तू आधी का गेला नाहीस, असं विचारलं. कृष्णात म्हणाला, आय वॉज फाइंडिंग माय मिस्टेक, सर.

एकदाही अडखळला नाही. फाइंडिंगच्या जागी लुकिंग फॉर हवं होतं, पण पाहुण्यांसमोर टोकलं नाही. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि निघाले. चहा आकाराम मास्तरांच्या वर्गात घेतला.

भादरण्याचं कारण मला तेव्हा समजलं. कुणी आधी सांगायला हवं होतं.

२४ जानेवारी, शनिवार

सुपरवायझर आकाराम मास्तर. माझ्याकडचं इंग्रजी काढलं, आठवीचा भूगोल दिला. हंबीरराव म्हणाले, माझ्या टेबलावर आणू नका म्हटलं होतं की तुम्हाला.

कृष्णात दाखला न्यायला आला होता. धाकटी बहीण घरात एकटी, म्हणून त्याची शाळा बंद. दाखल्याचा अर्ज मराठीत, दोन ओळींचा. हंबीररावांनी वाचल्याबरोबर सही केली.

मी त्याला व्हरांड्यात गाठलं. बोर्डावरचा अर्ज काढला, मंजूर असं लिहून सही केली आणि त्याच्या हातात दिला. उशिरा का होईना, हक्काची रजा आहे. त्यानं वाचला. माझ्या खिशातलं लाल पेन घेतलं, एक वर्तुळ काढलं आणि कागद मला परत दिला. हितं चुकलंय, सर, म्हणाला आणि जिना उतरून गेला.

वर्तुळ 'इज'भोवती होतं. मदर एकवचनी, तेव्हा इजच हवं. भूगोलाच्या तासाला पुन्हा वाचलं. बरोबरच वाटलं. पोरगं दुःखात आहे, घाईत चुकलं असं धरून चाललो. घरी येऊन पाय धुताना एकदम कळलं. आता इज नाही. वॉज.

तो बरोबर होता. तांब्या तिथंच टाकला. विमलाला जाऊन सांगितलं की इज चुकलंय, वॉज हवं होतं, ती बाई गेली आहे. विमला भाजी निवडत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, तुमास्नी आत्ता कळलं व्हय?