अर्धं ग्रीक यंत्र

३ मार्च

आज पुन्हा तेच! माझ्या पुस्तकाची प्रुफं हिने मोठ्याने वाचायची, मी हस्तलिखिताशी ताडून बघायची — लग्नापासूनची आमची पद्धत. पुस्तकाचा विषय मोजमापाच्या इंग्रजी शब्दांतली ग्रीक मुळं, शाळकरी पोरांसाठी. ‘थर्मोस म्हणजे उष्ण, मेट्रॉन म्हणजे माप.’ एवढ्या एका ओळीला मला तीनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. बाईसाहेब आपल्या पुटपुटतायत! वर म्हणते, तुम्हालाच ऐकू येत नाही. मला!

५ मार्च

पुटपुटणं चालूच.

८ मार्च

लेक आली आणि आईची बाजू घेऊन बसली. कान तपासून घ्या, ऑडिओमीटर नावाचं यंत्र असतं म्हणे. ऑडिओ लॅटिन, मीटर ग्रीक — शुद्ध भेसळ! ज्यांना नाव धड एका भाषेत ठेवता आलं नाही, ते माझे कान मोजणार! लेकीला हे समजावलं तर कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली. तिथे मायलेकींची खलबतं. लेकीचं बोलणं अख्खं ऐकू आलं, ‘बाबा हट्टी आहेत’ हेसुद्धा. म्हणे बहिरा!

११ मार्च

वरच्या मजल्यावरचा नळ गळतो, ऐकू येतं. भिंतीपलीकडचा म्हातारा घोरतो, तेही येतं. हिचंच तेवढं येत नाही. दोष कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रुफं ‘बॅरोमीटर’पाशी अडलीत, प्रकाशक फोनवर खेकसतोय, आणि ही वाचायचं सोडून खिडकीत कोमट पाणी पीत बसते. एवढा रुसवा!

१४ मार्च

उद्या जातोच. रिपोर्ट आणून मायलेकींच्या पुढ्यात आपटतो.

१५ मार्च

हीही बरोबर आली, माझं नाव-वय हिनेच सांगितलं. मी तपासणाऱ्या बाईंना आधी त्यांच्या यंत्राच्या नावातली भेसळ सांगितली. त्यांनी सरळ माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आवाजालाही दाबलं.

कान उत्तम! या वयात असे क्वचितच, म्हणाल्या. मी मिशीत हसत हिच्याकडे बघितलं. पण बाईही हिच्याकडेच बघत होत्या.

“काकू, तुमचा आवाज कधीपासून असा बसलाय?”

हिने काहीतरी सांगितलं. ती शेजारच्याच खुर्चीत होती. मला ऐकू आलं नाही.

१६ मार्च

घशाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ मिळाली. आत दुर्बीण घालून बघतात. त्या दुर्बिणीचं नाव मी विचारलं नाही. भीती वाटते.

आज प्रुफं मी वाचली, मोठ्याने. तिने ताडून बघितली.