पाच कड्यांचा रेणू

८ जुलै २०२४
ठरलं. बीएस्सी फायनलच्या मुलांकडून यंदा खरा रिसर्च करून घ्यायचा. विषय: पेप्टॉइड. प्रथिनासारखा दिसणारा, पण प्रयोगशाळेत एकेक कडी जोडून बनवायचा रेणू. जंतू मारतो म्हणतात. आपण पाच कड्यांचा करू. नागपुरात हे कोणी करत नसणार. विभागप्रमुख प्रेमिला मॅडमची एकच अट, मी स्वतः लॅबमध्ये उभं राहायचं. राहणारच.

२२ जुलै
उभा राहिलो. कंबर धरली. पद्धत समजावताना दोनदा अडलो, तर दीक्षा रामटेकेने वाक्य पूर्ण केलं. मुलं वाचायला लागलीत. माझाच परिणाम.

१२ ऑगस्ट
कमिट्यांमुळे लॅबमध्ये जाणं होत नाही. विद्यार्थ्यांना स्वावलंबी करणं हेच खरं शिक्षण. बारा मुलांतली अकरा गळाली. दीक्षा येते, भिवापूरहून सहाच्या बसने. बाकीच्यांत जिद्दच नाही.

१८ सप्टेंबर
रेणूच्या वजनाचा रिपोर्ट आला. दीक्षा म्हणाली, सर, वजन कमी येऊन राहिलं, शेवटची कडी जोडल्याच गेली नाही, मी पुन्हा करू का? मी म्हणालो, मशीन चुकतं कधीकधी. तिने रिपोर्ट वहीत ठेवला. या वयात शंका फार.

५ ऑक्टोबर
परिषदेला सारांश पाठवला. 'पाच कड्यांचा नवा पेप्टॉइड'. लेखक मी. दीक्षाचं नाव घालणार होतो, पण पहिल्याच पेपरात नाव आलं की मुलं बिघडतात. आभारात 'विद्यार्थी' लिहिलंय. त्यात ती आलीच.

१४ डिसेंबर, रात्री
परिषद, नागपुरातच. माझा पेपर झाला. हैदराबादच्या एका बाईंनी विचारलं, वजन चारच कड्यांचं दिसतंय, पुन्हा करून पाहिलंत का? मी हो म्हणालो. कुठली बॅच, असं त्यांनी विचारलं. मी कागद चाळत राहिलो. मागच्या रांगेतून दीक्षा उठली. म्हणाली, मॅडम, पहिली बॅच चुकली होती, सरांना मी रिपोर्ट आला त्याच दिवशी सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा केली, शेवटच्या कडीले दुप्पट वेळ दिला, आता वजन बरोबर आहे. तिने वही दाखवली.
चहाच्या वेळी त्या बाई तिच्याशीच बोलत होत्या. मी बाजूला कप घेऊन उभा होतो. कोणी सरकलं नाही.
दिवाळीत लॅब उघडी होती, हे मला कोणीतरी कळवायला हवं होतं.

२० मे २०२५
दीक्षाची हैदराबादला, त्याच बाईंच्या संस्थेत एमएस्सीला निवड झाली; वर्ग जूनपासूनच. पेढे घेऊन आली, पाया पडली. शिफारसपत्र मागेल म्हणून मी टाईप करून ठेवलं होतं. ते प्रेमिला मॅडमने आधीच दिलं होतं.

९ जून
उन्हाळी सुट्टी, लॅबमध्ये मी एकटाच. रेणू स्वतः करून दाखवायचं ठरवलं. तिसऱ्या कडीनंतर पुढे काय, ते आठवेना. दीक्षाला फोन केला. ती सावकाश सांगत गेली, मी लिहून घेत गेलो. शेवटी तिने विचारलं, सर, मदतीले कोणी नाही का? मी म्हणालो, आहेत ना, इथंच आहेत सगळे. ती म्हणाली, मग त्यांनाच विचारा सर, माझा क्लास सुरू होऊन राहिला.