पितृपंधरवड्यातली गाडी

१० सप्टें., बुध.
मागत होता एक चाळीस. दिले ९२ ह. त्यावर टोचन लावून ठाण्याहून मुलुंडला आणायचे ३, आधीच्या मालकाचे थकलेले दंड ७, एजंटचे २. म्हणजे खरी पडली १ लाख ४ ह. शिवाय हिचा अबोला. तो फुकट.
पिकअप, बारा वर्षं वापरलेली. क्लच गेलेला, पाटे बसलेले, हौद्याचा पत्रा बोट लावला की खाली. पण उभ्या उभ्या इंजिन चालू करून ऐकलं. आत दम आहे. मंडपाच्या धंद्यात सगळं आयुष्य भाड्याच्या टेम्पोंचे आवाज ऐकण्यात गेलं. गाडी असो, माणूस असो, माझा कान फसत नाही.
ही म्हणते, "पितरांत कोणी गाडी आणतं का दारात?" म्हटलं, कोणी आणत नाही म्हणूनच ९२ ला मिळाली.

१२ सप्टें.
दिलीपला चेंबूरहून बोलावून घेतलं. हिचा धाकटा भाऊ. अंधेरीला एमआयडीसीत बावीस वर्षं फिटर. कंपनीला टाळं लागलं, तेव्हापासून घरी. मुलगी बारावीला.
ही होती, शेडमधली पोरं होती, सगळ्यांसमोर सांगितलं, "दिलीप, नीट कर ही. गाडी तुझी. भाजीचे फेरे मार, मासळीचे मार. पैसे जमतील तसे दे." पाया पडायला वाकला. पडू दिलं.
संध्याकाळच्या चहात साखर जास्त. म्हणजे अबोला सुटला.
कागद मात्र माझ्याच नावावर. "टॅक्सला बरं पडतं रे." मान हलवली त्याने. त्याला काय कळतंय.

१५ सप्टें.
सातला हजर. दुपारपर्यंत क्लच खाली उतरवला. हात चांगला आहे. सांगितलं नाही. चांगलं म्हटलं की लोक मजुरी मागतात.
"बावीस वर्षं कंपनीचं तेल अंगाला लागलं, डोक्यात थेंबभर नाही गेलं वाटतं?" शेडमधली पोरं खो खो हसली. तोही हसला. त्याचं हेच आवडतं आपल्याला. कुठेही टोचा, हसतो.
जेवायला बाहेर, ताडपत्रीवर, पोरांच्या पंगतीत. घरात ऑइलचे पाय नकोत. ही आपलं ताट उचलून बाहेर जाऊन बसली. मालकीणबाईंना शोभतं का?

१८ सप्टें.
मागच्या मोरीशी भाऊबहिणीची कुजबुज. यांना वाटतं मधे भिंत आहे.
"ताये, वॉचमनची नोकरी सांगतत माका. ह्या वयात लोकांची गेटा उघडूची? ही गाडी उभी रवली काय माझा घर उभा रवला गो."
"भावोजी बोललेत ना. असांदे. गप काम कर."
संध्याकाळी त्याच्या कानाशी जाऊन शिट्टी मारली. दचकला, डोकं फाळक्यावर आपटलं. "सराव करून ठेव रे, वॉचमनला लागते." पोरांना आठवडाभर पुरेल एवढं हसू. हिने मात्र दार आपटलं.

२१ सप्टें., सर्वपित्री
पाटे, ब्रेक, रेडिएटर, हौद्याला नवा पत्रा. सामान ४६ ह. म्हणजे एकूण दीड. दिलीपची मजुरी: ताडपत्रीवरचं जेवण.
आज चालू केली. काय आवाज! तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी चर्र करायची, ती आता नुसती घुमते. चेक नाक्यापर्यंत मीच नेली. पुलावर चौथ्या गिअरमध्ये चढली. दिलीप बाजूला बसलेला, पाय आपोआप दाबतोय, जसा काही त्याच्याकडेच ब्रेक आहे.
परत येताना म्हणाला, "भावोजी, मी घेऊ थोडी?"
"तुला आयुष्य पडलंय," म्हटलं.

२४ सप्टें.
कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गाडीभोवती तीनदा फिरला. म्हणे, दसऱ्याला दोनच्या वर जाईल.
पितरांत घ्यायची, दसऱ्याला विकायची. एवढी साधी गोष्ट, मोठमोठ्या कॉलेजांत शिकवत नाहीत.
हिला सांगावं लागलं. गॅरेजवाल्याकडून कळलं असतं, तर तिच्याच तोंडून दिलीपपर्यंत गेलं असतं. "भावाला इतक्यात बोलू नकोस. रंग बाकी आहे, टाकून जाईल."
"सगळ्यांसमोर म्हणालात, गाडी तुझी."
"म्हणालो तेव्हा भंगार होती."
"त्याला दुसरं काही नाही हो."
"म्हणून तर उद्या येईल."
मला वाटलं आता रडारड. नाही. पदराला हात पुसले आणि "बरं," म्हणाली. उशिरा का होईना, बायकोला धंदा कळायला लागला.

२७ सप्टें.
दिलीप रंगाला लागलाय. लांबी भरतो, घासतो, पुन्हा भरतो. हौद्याच्या खालून, जिथे कुत्रंसुद्धा बघणार नाही, तिथे दोन हात. "पुरे रे, काय मुंडावळ्या बांधायच्यात काय तिला?" तर म्हणतो, "गंज परत येता, भावोजी."
दोन दिवस जरा जास्तच हसतोय. उपाशी माणूस असाच हसतो.
दुपारी गिऱ्हाइकाचा फोन. शिंदे म्हणून कोणी, घाटकोपरचा, केळ्यांचा धंदा करणार म्हणे. एक नव्वद म्हणाला. म्हणताना आवंढा गिळला, फोनवर ऐकू आला. गरज आहे गड्याला. दोन दहा सांगून ठेवले.

२९ सप्टें.
शिंदे येऊन गेला. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही, टायरला साधी लाथ नाही. असली माणसं कसला धंदा करणार? अर्धा तास ताणलं. "साहेब, बायकांचं सोनं मोडून पैसे आणलेत हो," म्हणाला. हे सगळेच म्हणतात. दोन पाचला तोडलं. बयाणा रोख, ट्रान्सफरचं एजंट बघेल.
दिलीप तिथेच ब्रश धूत होता. "पाहुणे आहेत," म्हटलं. "नमस्कार," म्हणाला आणि खाली मान घालून ब्रश धूत बसला. गिऱ्हाईक समोर उभं, तरी पत्ता नाही.

२ ऑक्टो., दसरा
लिहून ठेवायलाच हवं.
दिलीप इस्त्रीचा शर्ट घालून. बरोबर बायको, मुलगी. झेंडूचं तोरण स्वतः ओवून आणलेलं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ हातात घेऊन उभा. तेवढ्यात शिंदे आला, ठरल्या वेळेला.
मी दिलीपच्या हातातून नारळ काढून घेतला. "मालकाने फोडायचा असतो रे," म्हणून शिंद्याच्या हातात दिला.
शिंद्याने इकडे तिकडे बघितलं. घाम फुटला त्याला. शेवटी फोडला. दिलीपच्या अंगावर पाणी उडालं.
"रागावलास?" विचारलं.
"नाय भावोजी. गाडी चांगल्या घरी गेली म्हणजे झाला."
शब्दाने भांडला असता तर पाच हजार हातावर ठेवणार होतो. तेही वाचले. आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला, गेला.
निव्वळ ५५ ह. सुटले. रात्री जेवणावर हिला म्हटलं, "बाजार असा ऐकायचा असतो." तिने श्रीखंड वाढलं.

१३ ऑक्टो.
सोनापूरच्या सिग्नलला रिक्षात होतो. मागून आवाज आला. ओळखला. आपलीच.
शेजारी येऊन थांबली. स्टिअरिंगवर दिलीप. हौद्यात कांद्याच्या गोणी.
"भावोजी! मुलुंडाकच जातंय, सोडू?"
तेच हसू. रिक्षावाल्याला म्हटलं, चल.
घरी येऊन चपला काढता काढता हिला सांगितलं, "ऐकलंस का, शिंद्याने तुझ्या भावालाच ड्रायव्हर ठेवलाय!" आणि पोटभर हसलो.
भाकऱ्या थापत होती. "ड्रायव्हर नाही. गाडी त्याचीच आहे."
"आणि शिंदे?"
"कंपनीत त्याच्या बाजूच्या मशीनवर होते."
"पैसे?"
"मी दिले."
"तुझ्याकडे कुठले?"
पिठाचे हात पुढे केले. दोन दोन काचेच्या बांगड्या. तिच्या आईने लग्नात घातलेल्या दोन तोळ्यांच्या पाटल्या नाहीत.
"कधी?"
"पाचव्या माळेला. शेजारच्या वहिनींनी त्याच संध्याकाळी विचारलं, पाटल्या कुठे म्हणून." तव्यावरची भाकरी उलटली. "बसा. गरम आहे तोवर खा."
बसलो. खाल्ली.
त्या पाटल्या भाकरी थापताना वाजायच्या. माझी जेवायची खुर्ची ओट्याला लागूनच आहे.