दुसऱ्या मजल्याची टेस्टिंग

प्रिय भाऊजी,

आज ताईनं एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तुम्हाला लिहितोय. तिच्यासमोर तोंड उघडत नाही. तुम्ही आता मध्येच हटकणार नाही, भ्याड माणसाला एवढी सोय पुरते.

परतवाड्याचं होस्टेलचं काम आठवतं ना? तीन मजल्यांचं नळाचं सगळं काम आपल्याकडे होतं. पुढच्या सोमवारी इमारत ताब्यात द्यायची आहे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमांच्या भिंती पाझरतायत. फरशा लागल्या, रंग झाला, मुलींच्या खाटासुद्धा येऊन पडल्या. आता ते सगळं फोडायचं. फोडून वेळेत पुन्हा उभं करणं कोणाच्या बापाला जमणार नाही, हे मला कळतं आणि मोठ्या ठेकेदाराच्या इंजिनिअर साहेबांनाही कळतं.

काम तुमच्या नावावर, म्हणून साहेब सकाळी अमरावतीला तुमच्या घरी आले. टेस्टिंगचा कागद ताईपुढे धरून म्हणाले, "यावर तुमच्या मिस्टरांची सही आहे. दोष त्यांच्या कामाचा आहे." ते गेल्यावर ताई मला म्हणाली, "त्यायच्या हातचं काम कधी गळलं नाई. मंग हेच कावून गळून राहिलं?"

मी कप विसळायच्या निमित्तानं आत गेलो.

टेस्टिंगची तुमची ती पद्धत! पाइप टाकून झाले की पंपानं दाब देऊन त्यात पाणी भरायचं, आणि पंपावरचा दाबाचा काटा खाली येतो का ते पाहत अख्खा दिवस उलट्या बादलीवर बसून राहायचं. तोवर प्लास्टरवाल्यांना भिंतीला हात लावू द्यायचा नाही. ते शिव्या द्यायचे, साहेब ओरडायचे, आणि तुम्ही सुपारी कातरत म्हणायचात, "घाई पंगतीत कराव, पाइपात नाई." मला तुमची लाज वाटायची, भाऊजी. बाकीचे आपापली कामं उरकून घरी जायचे आणि आपण आपले बादलीवर.

मग तुम्ही अकोल्याच्या दवाखान्यात भरती झालात. दुसऱ्या मजल्याचे सगळे जोड मी केले. टेस्टिंगच्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. प्लास्टरवाले सकाळपासून बसून होते, साहेबांनी तारखेचा धोशा लावला होता. आठ वर्षं तुमच्या हाताखाली काढली, मला काय येत नाही, असं वाटलं. "लावा प्लास्टर," म्हणालो.

दोन दिवसांनी कागद घेऊन अकोल्याला आलो. सलाईन लावलेल्या हातात पेन धरून तुम्ही विचारलं, "काटा हालला नाई ना?"

"नाई हालला, भाऊजी."

"तू सोता पायलं ना? मंग झालं."

आणि सही केलीत. का केलीत? भल्याभल्या इंजिनिअरच्या शब्दावर तुम्ही कधी भिंत झाकू दिली नाही, मग माझ्याच शब्दावर कशी? अजून एकदा खोदून विचारलं असतं, तर मी तिथंच खरं बोललो असतो. असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तेव्हाही बोललो नसतो. पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

आपली दोन माणसं वरूडला दुसऱ्या कामावर निघून गेली, उरलेलीही जातील. यापुढे आपल्याला कोणी बोलावेल असं वाटत नाही. मी कबूल केलं म्हणून भिंती सुकणार नाहीत. तुमचं नावही पुरतं धुऊन निघणार नाही. मेलेल्या माणसाला वाचवायला साळा खोटं बोलतो, असंच लोक म्हणतील. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आता खरं बोलेन तर ते कोण मानणार?

तरी सांगणार आहे. उद्या सकाळी आधी ताईला, मग परतवाड्याला जाऊन साहेबांना. टेस्टिंग झालीच नव्हती असं त्याच कागदावर लिहून खाली सही करीन. त्यानंतर ताई मला भाऊ म्हणेल, अशी आशा मी धरलेली नाही. पण तुमचा दोष सांगायला तिच्या दारात पुन्हा कोणी येणार नाही, एवढा शब्द देतो. माझ्या शब्दाची किंमत काय असते, ते तुम्हाला आता कळलंच असेल.

तुमचा साळा,
विनोद