मोठ्या लेन्सची बाजू

३ जानेवारी
या वर्षीचे संकल्प. रोज एक फोटो काढायचाच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याच्या अफवा वाचायच्या नाहीत. लांब्याशी वाद घालताना आवाज चढवायचा नाही.
लांब्या म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. चष्म्यांचं दुकान आहे त्याचं. (स्वतःच्या डायरीत हे लिहायची गरज नाही, पण उद्या कोणी छापायची म्हटली तर अडचण नको.)

४ जानेवारी, ऑफिसात
नवा मिररलेस कॅमेरा येतोय! मार्चमध्ये. अफवा आहे, पण खात्रीलायक. सोबत दोन लेन्स. एक मोठी, १.२ अ‍ॅपर्चरची, अंधारात मांजराची मिशी टिपेल अशी. दुसरी छोटी, काड्यापेटीएवढी. कोणासाठी काढलीय कळत नाही.
अफवांचा संकल्प सोमवारपासून.

५ जानेवारी
रविवार. नेहमीप्रमाणे लांब्याबरोबर तळ्यावर, पक्ष्यांचे फोटो काढायला. कळलं, कोणासाठी काढलीय ते. लांब्या छोटी घेणार म्हणे. कारण विचारलं तर वजन. मी म्हटलं, एवढा सहा फुटी गडी आणि वजनाला भितोस? लेन्स काय डोक्यावरून वाहायचीय? म्हणाला, कपाटात पडलेल्या लेन्सने कपाटाचासुद्धा फोटो निघत नाही.
वाक्य बरं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.
आवाज चढला. पण दोघांचाही चढला, म्हणजे संकल्प अर्धाच मोडला.

१९ जानेवारी
लांब्याने आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर बगळ्याचा फोटो टाकला. साफ हललेला. मी एवढंच लिहिलं, की हा बगळा आहे की वाळत घातलेलं बनियन? सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. लांब्याचं उत्तर नाही. निरुत्तर झाला. छोट्या लेन्सने हे असं होतं.
ही म्हणाली, छोटी लेन्स तर अजून बाजारातच यायचीय ना? हिला तांत्रिक गोष्टींत गती नाही.

२ फेब्रुवारी
लांब्या तळ्यावर आला नाही. फोन वहिनींनी उचलला. म्हणाल्या, झोपलेत अजून. जो माणूस कोंबड्याला उठवून मग स्वतः दात घासतो, तो झोपलाय. रुसलाय, दुसरं काय. बनियन लागलं वाटतं.
मी काही माफी मागणार नाही. टीका तांत्रिक होती.
रोज एक फोटो : आजपर्यंत सहा. त्यातले दोन चुकून निघालेले.

९ फेब्रुवारी
आला. ट्रायपॉड घेऊन! ट्रायपॉडला आयुष्यभर कुबड्या म्हणत आलेला माणूस. मी चारचौघांत आठवण करून दिली. नुसता हसला. थर्मासमधला चहा अर्धा कपात, अर्धा स्वतःच्या बुटावर. शर्टाची बटणंही वरखाली लागलेली. मी मोठ्या लेन्सचे सगळे मुद्दे मांडले. एकालाही उत्तर नाही. मुद्दे संपले की माणूस असा सैरभैर होतो.
जिंकत चाललोय. मजा मात्र नेहमीइतकी आली नाही.

१ मार्च
घात झाला. कंपनीने तारीख पुढे ढकलली. एप्रिलमध्ये म्हणे. ग्रुपवर हलकल्लोळ. त्या गडबडीत कोणाच्या लक्षातही आलं नाही, की लांब्या ग्रुपमधून बाहेर पडलाय. माझ्या आलं. मैदान सोडून पळाला. समोरासमोर हरायची हिंमत लागते.

८ मार्च
लांब्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. टाइप करायचा आळस. म्हणतो, तू मोठीच घे बाबा, तुला ती शोभते, माझं जाऊ दे. जीभ जड, शब्द एकमेकांत चिकटलेले. आणि वेळ सकाळी अकराची! भर सकाळी प्यायला लागला हा.
हिला ऐकवलं. हिने दोनदा ऐकलं. म्हणाली, भेटून या. मी म्हटलं, लाँच होऊ दे, सगळे आकडे हातात घेऊनच जातो. रिकाम्या हाताने गेलो तर पुन्हा तेच, वजन वजन वजन.

२३ मार्च
त्याच्या दुकानावरून गेलो. सहज. मुद्दाम नाही. शटर बंद. ‘काही दिवस दुकान बंद राहील’ असा कागद चिकटवलाय. अक्षर वहिनींचं. रंगरंगोटी काढली असणार. तिथल्या भिंतींना पोपडे आलेलेच होते.

३० मार्च
ही परस्पर त्यांच्याकडे जाऊन आली. पर्स ठेवली आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत उभी राहिली. मग म्हणाली, नसांचा आजार आहे. आधी हात जातात, मग जीभ, मग बाकीचं. गेल्या वर्षीच कळलं होतं त्यांना. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते वहिनींना. म्हणाले, तो एकटाच माझ्याशी धडपणे भांडतो, तेवढं तरी राहू दे.
हिचा ऐकण्यात काहीतरी घोळ झाला असणार. आणि हल्ली सगळ्यावर औषधं निघालीत. आज नसली तर उद्या निघतील.
ग्रुपवर मागे मागे जाऊन ते बनियन शोधलं. पुसायला गेलो तर फोन म्हणतो, फक्त माझ्याकडचं पुसलं जाईल. सगळ्यांकडचं पुसायची मुदत कधीच टळून गेली.

६ एप्रिल
आज जाणार होतो. सर्दी झाली. आजारी माणसाकडे सर्दी घेऊन जाणं बरं नाही.

१३ एप्रिल
सर्दी गेली. पण अजून एकदोन शिंका येताहेत.

१७ एप्रिल, ऑफिसात
लाँच झालं. साहेब मागे येऊन उभे राहिलेले कळलं नाही. म्हणाले, चालू द्या. चालू दिलं.
मी म्हणत होतो तश्शीच निघाली मोठी लेन्स. शब्दन् शब्द माझा खरा ठरला. सवयीने लांब्याला फोन लावला. वहिनींनी उचलला. मग त्यांनाच ऑटोफोकसबद्दल सांगत सुटलो. पक्ष्याचा डोळा तो स्वतः शोधतो, डोळा झाकला तरी विसरत नाही, वगैरे. मध्ये एकदाही तोडलं नाही त्यांनी. शेवटी म्हणाल्या, भावजी, हे त्यांनाच येऊन सांगा ना.
येतो म्हणालो. कॅमेरा हातात आला की लगेच.

३ मे
कॅमेरा आला, मोठ्या लेन्ससकट. खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचा वर्षाव. कोणीही एक अक्षर विरोधात लिहिलं नाही. कसले लोक आहेत हे.
लांब्याकडे लगेच जाण्यात अर्थ नाही. आधी कॅमेऱ्याचा मेनू शिकायला हवा. त्याने काही विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर शोभा होईल.

११ मे
तळ्यावर एकटाच. पाऊण तासात मान धरली. वजनामुळे नव्हे, पट्टा चुकीचा लावला होता. बगळे होते, फोटो शार्प आहेत. घरी येऊन हिला दाखवले. छान आहेत म्हणाली आणि विचारलं, मेनू शिकून झाला का?

१८ मे
गेलो.
खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं त्याला. सहा फुटी माणूस खुर्चीत एवढा कसा मावला कळेना. चष्मा घसरला होता, वहिनींनी वर केला. मला बघून काहीतरी म्हणाला. मला समजलं नाही. वहिनी म्हणाल्या, ते म्हणताहेत, उशीर केलास.
मी एकदम कॅमेराच काढला. दुसरं काय करणार? मोठ्या लेन्सची बाजू पहिल्यापासून मांडली. फोटोत मागचं कसं लोण्यासारखं विरघळतं, अंधारात कशी चालते. लांब्याने मान डोलावली. मी म्हटलं, वजनसुद्धा एवढं काही जाणवत नाही. डोलावली. म्हटलं, म्हणजे माझंच बरोबर होतं ना? डोलावली.
इतक्या वर्षांत या माणसाने माझं एकही म्हणणं मान्य केलेलं नाही. शाळेत मी पृथ्वी गोल म्हटलं, तर हा म्हणाला, वर-खाली जरा चपटी आहे.
मग मुद्दाम म्हटलं, नाही रे, तुझंच खरं. मान आखडते हिने. छोटीच घ्यायला हवी होती.
त्यालाही मान डोलावली. तितकीच.
नाही म्हटलं की पुढे कारण सांगावं लागतं. हो म्हटलं की काही सांगावं लागत नाही.
मी आणखी मुद्दे शोधत बसलो. एकही सापडला नाही. वहिनी येऊन त्याची उशी सरळ करून गेल्या. तो माझ्याकडे बघत होता, डोळे मात्र अगदी पहिल्यासारखे. मी कॅमेरा बंद केला.
पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. काय बोलायचं ते काही ठरवलेलं नाही.