मोटरचा प्लग

शंतनू,

काल नळाला पाणी आलं, तेव्हा मोटर लावायला तू माझ्या कॉम्प्युटरचा प्लग उपटलास. लिनक्सचं अपग्रेड अर्ध्यावर होतं. नव्या सॉफ्टवेअरची पॅकेजेस उतरली, पण कॉन्फिगर होऊन जागेवर बसली नाहीत. सकाळपासून बसलेय, एक दुरुस्त करायला घ्यावं, तर ते दुसऱ्यावाचून अडतं, आणि दुसरं पहिल्यावाचून. तू चहा पीत म्हणालास, "त्यात काय, परत चालू कर."

मशीन घेऊन ऑफिसला जातेय. निघताना गच्चीवरच्या टाकीची तोटी उघडी सोडलीय. तू हे वाचशील तोवर सगळं पाणी गटारात गेलं असेल. नळ आता आठ दिवसांनी येणार. आई उद्या फुलंब्रीहून राहायला येतायत. फ्रिजमधली एक बाटली तेवढी त्यांच्यासाठी ठेवलीय.

त्यात काय, मोटर परत चालू कर.

मनस्विनी